रस्त्यावर भुंकणारा कुत्रा



कुत्रा पाळणें ही एक गोष्ट आणि त्याला रस्त्यानें फिरावयास नेणें ही अगदीं दुसरी, याचा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांना असेल. घरांत जो प्राणी लेंकरांच्या पायांशीं लोळतो, आजीच्या जपाच्या वेळीं उंबऱ्याशीं मुकाट्यानें बसून राहतो, तोच फाटकाबाहेर पडल्यावर दुसरा कुत्रा, सायकलवरचा मुलगा किंवा डोक्यावर गाठोडें घेतलेला माणूस दिसतांच मागच्या दोन पायांवर उभा राहतो, साखळी तोडूं पाहतो आणि असा कांहीं आकांत मांडतो कीं, सारी आळी खिडकींत येते. धनी ओढतो, ओरडतो, शरमतो. दुसऱ्या दिवशीं तो अंधारांत फिरावयास निघतो. तिसऱ्या आठवड्यांत निघतच नाहीं.

पुढें काय होतें हेंहि आपण पाहिलें आहे. कोणी काठी हातीं घेतो. कोणी कुत्र्याला जन्मभर ओसरीच्या खांबाला अथवा गच्चीवर बांधून टाकतो. कोणी एके दिवशीं त्याला गाडींत घालून दूर परक्या रस्त्यावर सोडून येतो आणि घरांतल्या मुलांना सांगतो कीं, तो पळून गेला. हे तिन्ही निकाल मला अन्यायाचे वाटतात. आणि त्यांची गरजहि नाहीं, हें आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

मी कोणी पशुवैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेला आणि आतां निवृत्त झालेला मी एक शिक्षक. वर्ध्याहून नागपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर केळझर नांवाचें आमचें गांव आहे. टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळें तें आपणांस ठाऊक असेल; विदर्भांतील अष्टविनायकांत त्याची गणना होते. महाभारतांतील एकचक्रा नगरी ती हीच, येथेंच भीमानें बकासुर मारला, अशी आमच्याकडील परंपरागत समजूत आहे. ती इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते या वादांत मी शिरत नाहीं. परंतु ज्या आदिपर्वांत ही एकचक्रेची कथा आहे त्याच पर्वांत कुत्र्यांच्या दोन गोष्टी आहेत, आणि आजच्या विषयाला त्या इतक्या लागू आहेत कीं, त्यांच्याच आधारानें मी बोलणार आहें.

पहिली गोष्ट एकलव्याची. लोक ती गुरुदक्षिणेसाठीं लक्षांत ठेवतात; मीं ती त्यांतल्या कुत्र्यासाठीं लक्षांत ठेवली आहे. पांडव मृगयेस गेले असतां त्यांच्या एका सेवकाबरोबरचा कुत्रा रानांत भटकत भटकत एकलव्यापाशीं गेला. मळलेलें अंग, काळें मृगचर्म, वाढलेल्या जटा, असा मनुष्य त्याच्या ओळखीचा नव्हता. तो उभा राहून भुंकूं लागला. एकलव्यानें सात बाण मारून त्याचें तोंड बंद केलें. भुंकणें थांबलें, पण कुत्र्याच्या मनांत जें चाललें होतें तें थांबलें काय? कथा त्याविषयीं कांहीं सांगत नाहीं. पांडवांचें लक्ष बाणांकडे गेलें, आणि आपलेंहि तसेंच होतें. तोंड बंद झालें म्हणजे काम झालें, असें आपण समजतों.

त्या कुत्र्यानें भुंकावें तरी कां? कुत्र्याच्या पिलाच्या आयुष्यांत सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो कीं, त्यांत जें जें तें निर्भयपणें पाहील, तें तें त्याच्या जगांत सामावलें जातें. अमेरिकेंतील स्कॉट व फुलर या दोघां शास्त्रज्ञांनीं बार हार्बर येथें अनेक वर्षें पिलें वाढवून याचा अभ्यास केला आणि १९६५ सालीं तो ग्रंथरूपानें मांडला. या काळांत जें पिलूं चार भिंतींआड राहिलें, त्याला पुढें छत्री, काठी, शिरस्त्राण घातलेला स्वार, लंगडत चालणारा म्हातारा, यांपैकीं कांहींहि संकटासारखें दिसतें. आणि संकटापासून पळून जावें तर गळ्यांत साखळी! मोकळा कुत्रा अनोळखी कुत्र्याला सहसा नाकासमोर चालत जाऊन भेटत नाहीं. तो वळसा घेतो, जमीन हुंगतो, मान फिरवतो. आपण मात्र अरुंद गल्लींतून त्याला समोरासमोर नेतों, आणि वर साखळी आवळून धरतों. पळणें नाहीं, वळसा नाहीं. मग उरतें तें एकच, आधींच ओरडून समोरच्याला घालवून देणें. सगळेच भुंकणारे कुत्रे भ्यालेले असतात असें नाहीं. कित्येक तरुण कुत्रे समोरच्याशीं खेळावयास जातां येत नाहीं म्हणून चडफडतात. पण दोघांवरील उपाय बराचसा एकच आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आमचा कुत्रा वाईट माणूस बरोबर ओळखतो, असें पुष्कळ घरांतून अभिमानानें सांगतात. तो ज्याच्यावर भुंकतो तो बहुधा कोण असतो? भंगार गोळा करणारा, खांद्यावर पोतें घेतलेला, रस्ता झाडणारी बाई, सामान घरपोंच आणून देणारा मुलगा. याचा अर्थ एवढाच कीं, अशीं माणसें त्या घराच्या दिवाणखान्यांत येऊन बसत नाहींत, म्हणून कुत्र्याला त्यांची संवय नाहीं. कुत्र्याचें अज्ञान हें त्या माणसाच्या शीलाचें प्रमाणपत्र नव्हे. एकलव्यावर भुंकलेल्या कुत्र्यानें कोणाची पारख केली होती? ज्याला पोटासाठीं रोज त्याच रस्त्यानें जावें लागतें त्याचा रस्त्यावरचा हक्क आपल्या फिरण्याच्या हौसेपेक्षां मोठा आहे, हें ध्यानांत ठेवूनच पुढचा विचार केला पाहिजे.

आतां ही संवय वाढते कशी तें पाहूं. टपालवाला येतो, कुत्रा भुंकतो, टपालवाला जातो. तो जाणारच होता, पुढच्या घरीं त्याचें काम असतें. पण कुत्र्याच्या हिशेबीं आपण भुंकलों म्हणून संकट टळलें. रोज हाच धडा, आणि रोज पैकींच्या पैकीं गुण! ज्या कृतीचा शेवट समाधानांत होतो ती कृति पुन्हां पुन्हां घडते, हा थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें सांगितलेला नियम आहे. त्याचें याहून ढळढळीत उदाहरण मला ठाऊक नाहीं. म्हणून 'वयाबरोबर निवळेल' अशा आशेवर बसून राहणें व्यर्थ होय. अभ्यासानें जसा विद्यार्थी तरबेज होतो, तसाच भुंकणाराहि होतो.

मग मारून कां सुधारूं नये? याचें उत्तर आदिपर्वांतल्या दुसऱ्या गोष्टींत आहे. जनमेजय कुरुक्षेत्रीं सत्र करीत असतां देवांची कुत्री जी सरमा, तिचा पुत्र तेथें आला. जनमेजयाच्या भावांनीं त्याला झोडपलें. तो रडत आईकडे गेला. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें कीं त्याला जीभ लावली नव्हती. सरमा यज्ञमंडपांत आली आणि निरपराध पोराला मारल्याबद्दल तिनें शाप दिला, कीं तुझ्यावर न दिसणारें भय येईल. मला या शापांतले शब्द फार मार्मिक वाटतात. कारण कुत्र्याच्या बाजूनें पाहिलें तर आपण त्याला देतों तें असेंच भय असतें. समोर दुसरा कुत्रा दिसला, आणि त्याच क्षणीं गळा आवळला गेला, पाठींत काठी बसली. यांतून तो काय शिकेल? धन्याला माझें वागणें आवडलें नाहीं, असें नव्हे. दुसरा कुत्रा दिसला कीं दुखतें, असें. आधीं ज्याचा संशय होता तो आतां शत्रु झाला. खिळ्यांचे गळपट्टे आणि विजेचा झटका देणारे पट्टे यांचाहि हाच दोष आहे. शिवाय गुरगुरणें ही कुत्र्यानें दिलेली सूचना असते. ती मारून बंद केली म्हणजे सूचना न देतां चावणारा कुत्रा तयार होतो. सात बाणांनीं बंद केलेलें तोंड तें हेंच.

आमच्या घरचा मोती हा गांवठी कुत्रा. तो आमच्याकडे आला तो तीन वर्षांचा होऊन. त्यापूर्वींचा बहुतेक काळ त्यानें एका आवारांत आंखूड साखळीवर काढला होता. घरांत तो गाईसारखा गरीब. रस्त्यावर सायकल दिसली कीं वाघ. एके संध्याकाळीं त्यानें अकस्मात् उसळी घेतली, आणि शाळेंतून परतणारा एक मुलगा दचकून सायकलवरून पडला. कोपर खरचटलें, त्यापलीकडे इजा झाली नाहीं. पण त्या रस्त्यानें भरधांव मालमोटारी जातात. तो मुलगा दुसऱ्या अंगाला पडता तर काय झालें असतें, हें बोलून दाखविण्याची कोणाला गरज वाटली नाहीं. त्या रात्रीं आळींतल्या मंडळींनीं सल्ला दिला कीं, त्याला बोरच्या रानाकडे सोडून द्या. बोरचें रान आमच्यापासून फार लांब नाहीं. २०१४ पासून तो व्याघ्रप्रकल्प आहे. रानाच्या कडेला सोडलेल्या कुत्र्याचें काय होतें हें आमच्याकडे लहान मुलांनाहि ठाऊक असतें. बिबट्याला कुत्र्याइतकी सोपी शिकार नाहीं. मुलाची आई अंगणांत उभी होती. तिचा राग रास्त होता. एका बाजूला तिच्या मुलाचा रस्ता, दुसऱ्या बाजूला एका मुक्या प्राण्याचा जीव; आणि दोन्ही राखावयाचीं तर मेहनत आमची. तिला एवढेंच सांगितलें कीं, उद्यांपासून शाळेच्या वेळीं हा कुत्रा रस्त्यावर दिसणार नाहीं, आणि जेव्हां दिसेल तेव्हां त्याच्या तोंडाला मुसकें असेल.

उपाय सांगावयास सोपा आहे. ज्या वस्तूचें कुत्र्याला भय, ती त्याला इतक्या दुरून दाखवावी कीं, तो तिच्याकडे पाहील पण भडकणार नाहीं. ती दिसली रे दिसली कीं त्याच्या तोंडांत त्याच्या अत्यंत आवडीचा घांस घालावा, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत लहान लहान घांस चालूं ठेवावे. वस्तु गेली कीं घांस बंद. असें दिवसांमागून दिवस करावें, आणि कुत्रा स्वस्थ राहूं लागल्यावरच अंतर थोडें कमी करावें.

हें पाहून आमच्या गांवांतील एक जाणते गृहस्थ म्हणाले, "मास्तर, ही तर बकासुराची गाडी झाली! रोज गाडाभर अन्न पाठवा, म्हणजे तो गांव खाणार नाहीं." एकचक्रेंत राहणाऱ्याला साजेसाच हा आक्षेप आहे, आणि त्याचें नीट उत्तर दिलें पाहिजे. बकासुराला मिळणारें अन्न ही धमकीची किंमत होती. धमकी आधीं, अन्न मागाहून. म्हणून धमकी कधीं संपली नाहीं. येथें क्रम उलट आहे. घांस येतो तो सायकल दिसल्यावर आणि कुत्रा भुंकण्यापूर्वीं. तो गप्प राहिल्याचें वेतन नाहीं कीं भुंकणें थांबविण्याची लांच नाहीं. तो फक्त एक वार्ता आहे, कीं सायकल आली म्हणजे तुझें कांहींतरी चांगलें होणार. ही वार्ता शंभर वेळां खरी ठरली म्हणजे सायकलकडे पाहण्याची त्याची दृष्टिच बदलते.

याला शास्त्राचा आधार आहे. रशियन शरीरशास्त्रज्ञ पावलॉव्ह याला पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या प्रयोगशाळेंत कुत्र्यांना ठराविक नाद ऐकवून मग अन्न दिलें जाई. कांहीं दिवसांनीं नुसत्या नादानेंच त्यांच्या तोंडाला पाणी सुटूं लागलें. लाळ कांहीं कुत्र्याच्या मर्जीनें सुटत नाहीं. भयहि त्याच्या मर्जीनें उपजत नाहीं. पुढें अमेरिकेंत मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें पीटर नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या मुलावर हाच विचार लागू केला. त्याला सशाची भीति वाटे. तो आवडीचें खाणें खात असतां पिंजऱ्यांतला ससा दूर ठेवावयाचा आणि त्याच्या कलानें हळूहळू जवळ आणावयाचा, असा क्रम तिनें ठेवला. शेवटीं तो मुलगा सशाला हात लावून कुरवाळूं लागला. हा वृत्तांत १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठीं आज जाणते लोक जें सांगतात त्याचें मूळ येथें आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. सर्वांत आधीं पशुवैद्याकडून कुत्र्याची तपासणी करून घ्यावी. ज्याचा कान ठणकतो, दांत दुखतो, सांधा धरला आहे किंवा अंगावर गोचीड झाले आहेत, तो चिडखोर होणारच. दुखण्यावर औषध सोडून शिकवण देणें व्यर्थ होय. मग साधनें. गळ्यावर ताण न देणारा, छातीभोंवतीं बसणारा पट्टा आणि पांच-सहा फुटांची मजबूत दोरी पुरे. आपोआप लांब होणारी दोरी रस्त्यावर वापरूं नये. दोरी हाताला गुंडाळूं नये, आणि ती नेहमीं जराशी सैल असावी. कारण आपली मूठ आवळली कीं तो आवळपणा दोरींतून कुत्र्यापर्यंत पोंचतो. चावण्याचें भय असेल तर मुसकें घालावें. खळ्यावरच्या बैलाला आपण तें घालतों त्यांत कोणी अपमान मानीत नाहीं. मात्र तें जाळीचें व ऐसपैस असावें, म्हणजे कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकतां येतील, पाणी पितां येईल आणि घांसहि घेतां येईल. प्रथम कांहीं दिवस घरींच त्यांत खाऊ ठेवून त्याला आपण होऊन नाक घालूं द्यावें.

घांस म्हणजे कोरडी भाकरी नव्हे. उकडलेल्या अंड्याचे, कोंबडीच्या मांसाचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे करावे आणि ते रस्त्यावरच्या अभ्यासासाठींच राखून ठेवावे. द्राक्षें, मनुका, चॉकलेट व कांदा हे पदार्थ कुत्र्याला बाधतात. ते कधींहि देऊं नयेत. क्रम चुकूं देऊं नये. आधीं कुत्र्यानें वस्तु पाहावी, मग आपला हात पिशवींत जावा. पिशवी आधीं चाळवली तर हुशार कुत्रा उलटाच धडा घेतो, कीं पिशवी वाजली म्हणजे शत्रु येणार.

सर्वांत महत्त्वाचें अंतर. पहिलीच्या मुलाला त्रैराशिक घालून उत्तर आलें नाहीं म्हणून छडी मारणाऱ्या मास्तराला आपण काय म्हणूं? जवळून जाणाऱ्या कुत्र्यासमोर आपल्या कुत्र्याला उभा करून 'गप्प बैस' म्हणणारा धनी तेंच करतो. प्रत्येक कुत्र्याची इयत्ता पावलांत मोजतां येते. मोतीची साठ पावलें होती. साठ पावलांवरून सायकल गेली तर तो पाही व घांस घेई; पन्नासांवर घांस तोंडांतून गळून पडे. तेव्हां आमची शाळा साठांवर भरली. त्यासाठीं आम्ही दोन्हीं बाजूंना कुंपण असलेली पांदण सोडली आणि कापूस निघून गेलेल्या शेताच्या धुऱ्यावर उभे राहूं लागलों. शहरांत शेत नाहीं. पण पहाटेचें मैदान आहे, सुटीच्या दिवशींचें मोकळें आवार आहे, आणि कांहींच नसेल तर उभ्या मोटारीचा आडोसा आहे. बहुमजली घरांत राहणाऱ्यांनीं उद्वाहकाच्या दाराशीं कुत्र्याला उभें करूं नये. दार उघडून आंत कोण आहे तें दिसेपर्यंत चार-पांच पावलें मागें राहावें, आणि आंत कोणी असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी.

कुत्रा भडकणार हें तो आधीं सांगत असतो. चालतां चालतां त्याचें अंग ताठ होतें, उघडें तोंड मिटतें, कान पुढें येतात, नजर एका ठिकाणीं खिळते, पाठीवरचे केंस उभे राहतात. त्याहूनहि आधीं तो ओंठ चाटतो, जांभई देतो, तोंड फिरवतो. शेंपूट हलतें म्हणजे तो खुशींत आहे, हा समज खरा नाहीं. ताठ उभारलेलें शेंपूटहि हलत असतें. हीं लक्षणें दिसतांच अंतर वाढवावें. त्यासाठीं घरांतल्या अंगणांत 'चल मागें' असा एक शब्द ठरवून, तो उच्चारतांच वळून आपल्याबरोबर यावयाचें आणि खाऊ घ्यावयाचा, असा खेळ रोज खेळावा. तो पक्का झाला म्हणजे रस्त्यावर अकस्मात् कोणी सामोरें आल्यास ओढाताण न करतां आनंदानें पाठ फिरवतां येते. वळावयास जागा नसेल तर मूठभर तुकडे जमिनीवर पसरावे. नाक खालीं गेलें कीं डोळ्यांचा हट्ट थोडा सुटतो. आणि भुंकूनच झालें तर रागावूं नये, समजावीत बसूंहि नये. मुकाट्यानें दूर न्यावें. त्या क्षणीं शिकण्याच्या मनःस्थितींत तो नसतो, आणि खरें म्हटलें तर आपणहि नसतों.

आपल्या देशांत बेवारशी कुत्र्यांचा प्रश्न निराळाच आहे. ते आपल्या गल्लीचे राखणदार असतात आणि बांधलेला कुत्रा दिसला कीं टोळीनें येतात. अशा वेळीं धांवूं नये. आपण दोघांच्या मध्यें उभे राहावें, कांहीं तुकडे त्यांच्या बाजूला लांब फेंकावे आणि ते खाण्यांत गुंतले कीं वळून निघून जावें. मिटलेली छत्री बरोबर असावी. ती मध्येंच उघडली तर ढालीसारखी उपयोगी पडते. मात्र आपल्या कुत्र्याला त्या छत्रीची आधीं घरीं ओळख करून दिलेली असावी. विदर्भाच्या उन्हाळ्यांत सकाळीं लौकर अथवा ऊन उतरल्यावर पुष्कळ वेळानेंच बाहेर पडावें. हाताची पालथी बाजू रस्त्यावर पांच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे तळवेहि तेथें भाजतात, आणि भाजलेल्या पायांनीं कोणाचा स्वभाव सुधारत नाहीं. रानाच्या कडेच्या गांवांतून अंधार पडल्यावर कुत्र्याला नेऊंच नये.

मास्तरकीची संवय म्हणून आम्ही एक वही ठेवली. तारीख, काय दिसलें, किती पावलांवर, मोतीनें काय केलें, एवढे चार रकाने. वही दोन गोष्टी शिकवते. पहिली, वाईट दिवस एकटा येत नाहीं. आदल्या दिवशीं घरांत पाहुणे, फटाके किंवा भांडण असें कांहीं घडलेलें असतें. कुत्र्याचें मन एका धक्क्यांतून लगेच सांवरत नाहीं, म्हणून अशा प्रसंगानंतर दोन-तीन दिवस त्याला रस्ता दाखवूं नये. घरींच खाऊ लपवून हुंगून काढावयाचा खेळ द्यावा. फिरण्याइतकाच तो त्याला थकवतो आणि निववतो. दुसरी गोष्ट ही कीं, प्रगति होत असते तेव्हां ती डोळ्यांना दिसत नाहीं, वहींत दिसते.

तिसऱ्या महिन्यांत, आईची परवानगी घेऊन, सायकलवरून पडलेला तो मुलगाच आमच्या मदतीला आला. मोतीला मुसकें घातलेलें. मुलगा शेताच्या पलीकडच्या कडेनें सायकल हातांत धरून चाले, नंतर हळू चालवी, नंतर घंटा वाजवी. आठव्या महिन्यांत अंतर बारा पावलांवर आलें. आज मोती सायकल दिसली कीं माझ्या तोंडाकडे पाहतो. सायकलींवर त्याचें प्रेम जडलें आहे असें मी म्हणणार नाहीं. बारा पावलांच्या आंत आम्ही त्याची परीक्षा घेत नाहीं, आणि मुसकें अजून सुटलेलें नाहीं. परंतु तो मुलगा त्या रस्त्यानें शाळेंत जातो आणि मोती आमच्या ओसरीवर आहे. ठरविलें होतें तें एवढेंच होतें.

सर्व कुत्रे इतकेहि सुधारतील असें वचन मी देत नाहीं. ज्याचें भय फार खोल गेलें आहे त्याला पशुवैद्य औषधेंहि देतात, आणि त्यांत कमीपणा मानूं नये. ज्यानें कोणाला चावा घेतला आहे त्याचें काम घरच्या घरीं न करतां जाणकाराच्या देखरेखीखालीं करावें. कुत्र्याला पिसाळीची लस वेळेवर टोंचून घ्यावी. चावा लागलाच तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची यांवर विसंबूं नये. पिसाळीचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं मनुष्य बहुधा वांचत नाहीं, आणि तीं दिसण्यापूर्वीं वेळेवर लस घेतली तर बहुधा दगावत नाहीं, इतका तो वेळेचा प्रश्न आहे.

कायदाहि दोन्हीं बाजूंना आहे. आपल्या ताब्यांतल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊं नये म्हणून पुरेशी काळजी न घेणें हा भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. आणि कुत्र्याला अन्नपाण्यावांचून हाल होतील असा सोडून देणें, त्याला अति आंखूड साखळीवर ठेवणें किंवा सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणें, हें १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानें क्रौर्य ठरतें. म्हणजे आरंभीं सांगितलेल्या तीन निकालांपैकीं एकहि कायद्याच्या कसोटीला उतरत नाहीं.

शेवटीं ज्यांच्या घरीं कुत्रा नाहीं अशा श्रोत्यांना एक विनंति. रस्त्यांत एखादा गृहस्थ आपणांस पाहून कुत्र्यासह एकाएकीं पाठ फिरवून चालूं लागला, अथवा मोटारीआड उभा राहिला, तर त्याला गर्विष्ठ समजूं नका. "कुत्रा काय करतो हो?" असें म्हणत जवळ जाऊं नका, आणि मुलांना त्याच्याकडे धांवूं देऊं नका. तो आपल्याच मुलांचा रस्ता निर्धोक करीत असतो. त्याला पंधरा-वीस पावलांची जागा द्या. त्याच्या शाळेला तेवढीच जागा लागते.